लकव्यानंतर घरी: जोडीदाराला पुन्हा उभं करताना

लकवा झालेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट दिवसातून फार तर तासभर भेटतो. बाकीचा सगळा वेळ तो माणूस तुमच्याजवळ असतो. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण उरलेला मेंदू त्याचं काम काही प्रमाणात शिकून घेतो, आणि ते शिकणं एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यानेच होतं. म्हणून जेवणं, कपडे घालणं, आंघोळ, संडासला जाणं ही रोजची कामं म्हणजेच मोठा व्यायाम. अट एवढीच की ती तुम्ही स्वतः उरकून टाकायची नाहीत. जेवढं त्यांना जमतं तेवढं त्यांना करू द्यायचं, कितीही वेळ लागला तरी, आणि जिथे अडेल तिथेच हात लावायचा. खाली लिहिलेली प्रत्येक कृती या एका गोष्टीसाठी आहे.

माझ्या नवऱ्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, त्यामुळे उदाहरणं तशी येतील. डावी बाजू गेली असेल तर डावं-उजवं उलटं करून वाचा. त्या बाजूची एक वेगळी अडचण असते, ती पुढे सांगते. बायको आजारी असेल तर नवऱ्याला हेच सगळं करायचं आहे, आणि वेणी घालायलाही शिकायचं आहे. विस्कटलेल्या केसांनी लोकांसमोर बसावं लागलं की बाईचा अर्धा धीर तिथेच जातो.

डिस्चार्जच्या आधी

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधीपासून विचारायला लागा. मेंदूला बसलेला झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा? रक्त पातळ ठेवायची गोळी आहे का, किती दिवस? ब्लडप्रेशर किती ठेवायचं? बऱ्याच जणांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, पण तुमच्या माणसाचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गिळण्याची तपासणी झाली का? पाणी तसंच चालेल की घट्ट करून? नाकातली नळी किंवा लघवीची नळी असेल तर ती कधी बदलायची आणि कोण बदलणार?

मग नर्सला किंवा फिजिओला सांगा की कुशीवर वळवणं, बसवणं आणि खुर्चीत नेणं मला माझ्या हातांनी करून बघायचं आहे. तुम्ही करा, त्यांनी बघावं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. घरी पहिल्या रात्री ऐकलेलं काही आठवत नाही, पाहिलेलं आठवतं.

घर

पलंग असा हवा की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. गादी फार मऊ नको. चांगल्या हाताच्या बाजूने पलंगावरून उतरता यायला हवं, त्यामुळे ती बाजू भिंतीला लावू नका. पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचलून टाका. बाथरूमचा उंबरठा उंच असेल तर उताराची फळी बसवून घ्या. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. ती भाड्यानेही मिळते. भिंतीला धरायची दांडी चांगल्या हाताच्या बाजूला बसवा, आणि ती भिंतीत पक्की रोवलेली असू द्या. टॉवेल टांगायच्या नळीला धरून माणसं पडतात. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा दिवा जळत राहू दे. घरात स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट.

पलंगावर

स्वतः वळता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर तिथे जखम व्हायला सुरुवात झाली आहे; त्या जागेवर वजन येऊ देऊ नका, ती चोळू नका, आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

आता खांदा. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरातल्याच माणसांच्या हातून तो सगळ्यात जास्त दुखावतो. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हात नुसत्या वजनाने सांध्यातून खाली उतरतो. अशा वेळी कोणी त्या हाताला धरून उठवलं किंवा काखेत हात घालून उचललं की खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा महिनोन्महिने व्यायाम करू देत नाही. म्हणून त्या हाताला कधीही ओढायचं नाही. झोपताना त्याखाली उशी, बसताना मांडीवर उशी ठेवून तिच्यावर हात, पंजा उघडा. घरी मदतीला येणाऱ्या बाईंना, मुलांना, भेटायला येणाऱ्या दणकट भाच्यालासुद्धा हे पहिल्यांदा सांगा.

गरम पाण्याच्या पिशवीचंही असंच. त्या बाजूला चटका कळत नसेल तर पिशवीने फोड येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आंघोळीचं पाणी तुमच्या कोपराने किंवा त्यांच्या चांगल्या हाताने तपासा.

पलंगावरून खुर्चीत

१. पायात बूट घाला. खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरकी लावा. चाकांची असेल तर ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा.

२. दोन्ही गुडघे वाकवून चांगल्या कुशीवर वळवा. तुमचा एक हात पाठीच्या फऱ्यावर, एक कमरेवर. मान किंवा दंड धरायचा नाही.

३. पाय कडेवरून खाली सोडा आणि त्यांना चांगल्या कोपराने पलंग दाबून उठायला सांगा. तुम्ही फक्त मागून आधार द्या.

४. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. इतके दिवस आडवं राहिल्यावर चक्कर येते. याच वेळी दोन शब्द बोला, दोघांचीही घाई कमी होते.

५. कडेपर्यंत पुढे सरकवा. तळपाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या. कमरेला रुंद पट्टा बांधलेला असेल तर तो धरा. तुमचा गुडघा त्यांच्या दुबळ्या गुडघ्यासमोर ठेवा, म्हणजे तो मुडपणार नाही. त्यांनी तुमच्या मानेला मिठी मारायची नाही. तुमची कंबर जाईल.

६. "पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर आणा, एक, दोन, तीन." पाठ सरळ ठेवून उठायचा प्रयत्न केला तर उठता येत नाही, पुढे वाकल्यावर येतं. वजन जेवढं त्यांच्या पायांवर येईल तेवढं येऊ द्या.

७. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा. चांगला हात खुर्चीच्या लांबच्या दांडीकडे, लहान लहान पावलं टाकत वळणं, पोटऱ्यांना खुर्ची लागली की हळूहळू खाली.

अधेमधे पाय गेलाच तर हाताला धरून थोपवू नका. तुमच्या मांडीवरून त्यांना सावकाश जमिनीवर बसवा, लागलं का बघा आणि मग माणसं बोलवा. अंग जड असेल तर एकट्याने हे करायचंच नाही, दोन माणसं हवीत.

जेवण

गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. अन्न किंवा पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि लकव्यानंतर तो जिवावर बेतू शकतो. धोका सगळ्यात जास्त साध्या पाण्याचा आणि चहाचा, कारण पातळ पदार्थ घशातून पटकन निसटतो. डॉक्टरांनी पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर औषधाच्या दुकानात त्याची पावडर मिळते. किती घालायची ते स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या.

खुर्चीत ताठ बसवा. टीव्ही बंद. हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, घास तोंडात चांगल्या बाजूला, आणि गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. मऊ खिचडी, घट्ट दहीभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, घट्ट वरणात कालवलेला भात हे बहुतेकांना जमतं. पोहे, चिवडा, कोरडा उपमा घशात विखुरतात. पातळ आमटीत भाताची शितं हाही अवघड प्रकार, कारण तोंडात एकाच वेळी पातळ आणि घट्ट दोन्ही सांभाळावं लागतं. जेवल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून घास अडकला आहे का बघा, चूळ भरायला लावा किंवा ओल्या कापसाने तोंड पुसा, आणि अर्धा तास बसवून ठेवा. तोंड दोन्ही वेळा स्वच्छ केल्याने न्यूमोनियाचा धोका खरंच कमी होतो.

जेवताना खोकला येणं, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा होणं, कारण नसताना ताप येणं ही गिळताना गडबड होत असल्याची लक्षणं. काहींना अन्न चुकीच्या नळीत गेलं तरी खोकला येत नाही, म्हणून ताप आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. भेटायला येणारे प्रेमाने प्रसादाचे फुटाणे, तीर्थाचे दोन थेंब तोंडात घालू बघतात. प्रसाद देवासमोर ठेवा आणि त्यांना दाराशीच समजावून सांगा. गोळी गिळता येत नसेल तर कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवावं लागतं, आणि आपल्याकडे त्याची लाज मोठी असते. काही जण त्यापायी अर्धपोटी उठतात. तुम्हीही काही दिवस त्यांच्याबरोबर डाव्या हाताने चमच्याने जेवा. ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी घ्या म्हणजे घास काठाशी टेकवून चमच्यात येतो, आणि थाळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे ती सरकत नाही. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाच्या सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठही त्यातच धरायचं.

कपडे आणि संडास

घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. एवढं एक सूत्र पाठ करा, शर्टपासून ब्लाउजपर्यंत सगळ्याला चालतं. नाडीच्या लेंग्याला इलॅस्टिक लावून घ्या, बटणांच्या जागी वेल्क्रो. बाईंना साडीऐवजी पुढून उघडणारा गाऊन सोपा, पण सणावाराला साडी नेसवायची इच्छा त्यांनी दाखवली तर वेळ काढून नेसवा.

डावा हात गेला असेल तर धुवायची पंचाईत होते, उजवा गेला असेल तर जेवायचा आणि धुवायचा हात एकच होतो. दोन्हींवर उपाय कमोडजवळ चांगल्या हाताला येईल असा पाण्याचा जेट आणि शेजारी साबण. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी घड्याळ बघून लघवीला न्या, लागली का असं विचारत बसू नका. ही सवय लागली तर डायपर सुटतो. शौचाला खडा होऊ नये म्हणून गिळायला झेपेल तेवढं पाणी, शिजवलेल्या भाज्या, आणि रोज ठरल्या वेळी कमोडवर बसणं.

बोलणं

ज्यांचं बोलणं गेलं त्यांची अक्कल गेलेली नसते. बऱ्याच जणांना समजतं बरंच, शब्द मात्र सापडत नाही. काहींचं उलट असतं: बोलतात भरभर, पण शब्द भलतेच, आणि दुसऱ्याचं पुरतं कळत नाही. तुमच्या माणसाचं कुठलं, ते स्पीच थेरपिस्टकडून समजून घ्या.

मोठ्याने बोलू नका, ते बहिरे झालेले नाहीत. एका वेळी एकच माणूस, छोटी वाक्यं. "आज काय खाणार?" विचारण्यापेक्षा भाकरी आणि भात दोन्ही दाखवून विचारा. आणि मग थांबा. मनात दहा मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, मध्येच शब्द पुरवायचा मोह होतो. पण शब्द शोधण्याची ती धडपडच औषध आहे. अगदी हैराण झालेले दिसले तर पहिलं अक्षर सुचवा. कळलं नसेल तर कळल्याचं नाटक करू नका. "कळलं नाही, दाखवा" म्हणा. "हो" म्हणायचं असताना "नाही" बाहेर पडणं नेहमीचं, म्हणून अंगठा वर किंवा खाली करूनही विचारा. एका वहीत घरातल्या माणसांचे, वस्तूंचे, देवाचे, औषधांचे फोटो चिकटवा आणि खाली ठळक अक्षरांत नाव लिहा.

अंक, वार, पाढे, गणपतीची आरती, लहानपणापासूनचं भजन हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेलं असतं. जो माणूस पाणी हा शब्द म्हणू शकत नाही तो कधी कधी आरती चालीवर पूर्ण म्हणतो. संध्याकाळी सोबत म्हणा. घरात मराठी असली तरी ज्यांचं बालपण मालवणीत किंवा अहिराणीत गेलं त्यांच्याशी तीही बोलून बघा. शिव्याही याच वाटेने बाहेर येतात. सभ्य माणसाच्या तोंडून पाहुण्यांसमोर शिवी निघाली तर ती तुम्हाला दिलेली नसते, आणि पाहुण्यांनाही तसं स्पष्ट सांगा.

मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, आणि वाचेच्या उपचारांसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था. गावात स्पीच थेरपिस्ट नसेल तर अशा ठिकाणी एकदा तपासून घ्यावं, घरी करायचे पाठ लिहून आणावेत.

डावी बाजू गेली असेल तर

डावी बाजू जाते ती उजव्या मेंदूला इजा झाल्याने, आणि त्यात काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही. डोळे चांगले असतात, लक्ष तिकडे जात नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मग घरचे म्हणतात, चव गेली. दाढी करताना डाव्या गालावरचे केस राहतात, चालताना डावा खांदा दाराला आपटतो. बोलायला डावीकडून या, हात लावून लक्ष तिकडे आणा, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि "पट्टी दिसेपर्यंत बघा" असं सांगा. पाण्याचा पेला आणि घंटी मात्र सुरुवातीला उजवीकडेच. अशी माणसं आपल्याला काही झालेलंच नाही असं समजून एकदम उठून चालायला जातात, म्हणून त्यांना एकटं सोडू नका.

हात, मालिश, आणि गावचे उपाय

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे वेग कमी होतो, थांबत नाही. व्यायाम दिवसातून थोडा थोडा, चार-पाच वेळा. नुसता हात वरखाली करण्यापेक्षा खरं काम द्या: मटार सोलताना टोपली दुबळ्या हाताने धरणं, घडी घालताना टॉवेल दाबून ठेवणं. बहुतेकांची बोटं आधीच मिटायला बघतात, त्यामुळे चेंडू दाबण्यापेक्षा मूठ उघडण्याचा सराव जास्त कामाचा, फिजिओला विचारा. आरशाचा व्यायामही विचारून घ्या. दोन हातांमध्ये आरसा उभा ठेवायचा, दुबळा हात मागे, चांगला पुढे हलवायचा आणि आरशात बघायचं. मेंदूला दुबळाच हात हलतो आहे असं वाटतं. न्यूरोसायंटिस्ट व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तुटून गेलेल्या हातातही जाणवत राहणाऱ्या वेदनेसाठी ही युक्ती काढली, पुढे ती लकव्यालाही वापरली जाऊ लागली.

हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटतं, लावा. पण पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर अजिबात चोळू नका. आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. अंगावरून वारं गेलं म्हणून कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कोणी लांबच्या गावाचं औषध सुचवतं. त्यांचा राग धरू नका, पण त्या औषधासाठी रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही बंद करू नका. दुसरा झटका अशानेही येऊ शकतो.

दुसरा झटका ओळखायचा असा: तोंड एकदम वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, एकदम तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. किती वाजता सुरू झालं ते लिहा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी, काहीही घालू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं, हे आजच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा.

मन

साधारण तिघांत एकाला लकव्यानंतर उदासीनता येते. जेवण टाकणं, व्यायामाला नकार, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं याला हट्ट समजू नका. डॉक्टरांना सांगा, औषध लागू पडतं. काहींना कारण नसताना एकदम रडू किंवा हसू फुटतं, तेही मेंदूच्या इजेमुळे. अशा वेळी विषय बदला, समजूत घालत बसू नका.

आणि तुम्ही दोघं. पुसणं-धुणं तुम्हीच केलं की हळूहळू नवरा-बायको मागे पडतात. परवडत असेल तर आंघोळ आणि संडास यासाठी दिवसातून दोन तास मदतनीस ठेवा, आणि तो वाचलेला वेळ शेजारी बसण्यात घाला. शरीराच्या जवळिकीबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. प्रकृती स्थिर झाल्यावर बहुतेकांना बंदी नसते. घरातले निर्णय त्यांना विचारूनच घ्या. वीजबिल, नातवाची फी, गावच्या शेताचा वाटा, सगळं. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणाला बसवून तुम्ही बाहेर पडा. तुमची कंबर आणि झोप गेली तर दोघंही अंथरुणाला खिळतील.

कागदपत्रं

उजवा हात गेला की सही बदलते आणि बँकेत पैसे अडकतात. खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय बँकांना करावी लागते; त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार कर्मचारी हवा. शाखेत जाऊन व्यवस्थापकांशी बोला, खातं संयुक्त करून घ्या. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला जीवन प्रमाण अ‍ॅपवर मोबाइलसमोर चेहरा धरून घरूनच देता येतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात चालण्या-हालचालीचं आणि वाचेचं अपंगत्व दोन्ही येतं. सुधारणा स्थिरावल्यावर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर सवलती लागू होतात.

बाहेर पडताना

आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, संध्याकाळच्या गर्दीआधी. गाडी चालवायचं डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय नाही. पहिल्या लग्नाला जायचं ठरलं तर यजमानांना आदल्या दिवशी फोन करा: दाराजवळची हात असलेली खुर्ची, जेवण टेबलावर, बुफेच्या रांगेत उभं राहणं नाही, आणि हस्तांदोलनासाठी उजवा हात कोणी ओढायचा नाही. संडास कुठे आहे ते पोचल्याबरोबर बघून या. पाऊण तास बसले तरी पुरे.